दोष बोटाचा की यंत्राचा?

नागपूरच्या उत्तरेस सुमारे ३५ किलोमीटरवर, कन्हान नदीच्या उंच काठावर खापा हे गाव वसलेले आहे. १८६७ साली येथे नगरपालिका स्थापन झाली. हातमागाच्या कापडासाठी आणि पुढे परिसरातील मँगनीजच्या खाणींसाठी हे गाव ओळखले गेले. माझ्या परिचयाचे एक कुटुंब तेथे राहते व त्या निमित्ताने माझे खाप्यास जाणे होत असते. २०१८ सालच्या पावसाळ्यात असाच गेलो असता, एका स्वस्त धान्य दुकानासमोरील रांगेत त्या कुटुंबाच्या शेजारच्या एक आजी उभ्या दिसल्या. त्यांची पाळी आली. दुकानदाराने त्यांचा अंगठा यंत्राच्या काचेवर टेकविला. यंत्राने नकार दिला. आजींनी अंगठा पदराला पुसला, पुन्हा टेकविला, पुन्हा नकार. मग तर्जनी, मग दुसरा हात. मागच्या रांगेत चुळबुळ सुरू झाली. दुकानदाराने आवाज चढविला नाही, तो नुसताच म्हणाला, "आजी, उद्या या." रिकामी पिशवी घडी करीत त्या बाजूला झाल्या.

मी विचारले, "काय झालं, आजी?"

"काय सांगू फादर, माह्या बोटाईतच काही राह्यलं नाही जी. मशिनीचा काय दोष? ते बिचारी सगळ्याईचं घेते."

धान्य त्यांना मिळाले नव्हते, आणि दोष मात्र त्या स्वतःकडे घेऊन घरी निघाल्या होत्या. मशीन त्यांच्या लेखी 'बिचारी' होती. ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. एखादे साधन माणसाच्या उपयोगी पडत नाही तेव्हा उणेपण कोणाचे मानावे, माणसाचे की साधनाचे? प्रश्न वरकरणी तांत्रिक वाटतो. पण दोष कोणाच्या पदरी घालावयाचा हे ठरविणे म्हणजे न्याय करणे होय, आणि म्हणून तो नीतीचाही प्रश्न आहे.

आजींची बोटे अशी का झाली, हे खाप्यात कोणासही सांगावे लागत नाही. विणकराच्या घरातील स्त्रिया चरख्यावर कांड्या भरतात. वर्षानुवर्षे सूत बोटांच्या पेरांतून सरकत राहते. त्यात वय वाढले की कातडी पातळ व कोरडी होते आणि पेरांवरील रेषा पुसट होतात. खाणीत, शेतात, विटांच्या भट्टीवर राबणाऱ्यांची तीच गत. म्हणजे जी बोटे सर्वाधिक राबली तीच यंत्राला ओळखू येईनाशी झाली. ज्याने ते यंत्र घडविले त्याने बहुधा आपल्यासारख्या लेखणी धरणाऱ्यांची बोटे डोळ्यांसमोर ठेवली असावीत.

याच गल्लीत पूर्वी माग कसे बसविले जात, हे त्या कुटुंबातील वडीलधाऱ्यांकडून मी ऐकले आहे. विणकर खड्ड्याच्या कडेला बसतो आणि पाय खाली पावड्यांवर ठेवतो. खड्डा किती खोल घ्यावयाचा हे त्याच्या पायांची लांबी पाहून ठरे. हात कोठवर पोहोचतो हे पाहून फणीची जागा ठरे. सुतार जवळपासच राही. माग अवघड चालला तर विणकर त्याला त्याच संध्याकाळी हाक मारी, आणि "तुझेच पाय आखूड" असे म्हणण्याची सुताराची प्राज्ञा नव्हती! साधन करणारा आणि वापरणारा एकमेकांचे तोंड रोज पाहत होते, म्हणून साधनाची परीक्षाही रोज होत होती.

संगणकाच्या युगात ही जवळीक राहिली नाही. यंत्र एका देशात आखले जाते, दुसऱ्यात जुळविले जाते आणि त्याचा वापर तिसऱ्याच ठिकाणी, आखणाऱ्याने नावही न ऐकलेल्या गावी होतो. ही दरी भरून काढण्यासाठी गेल्या काही दशकांत एक स्वतंत्र शास्त्र उदयास आले. संगणकाचे काम करणारा माझा एक भाचा पुण्यास असतो. त्याच्याकडून मला त्याचा प्रथम परिचय झाला. या शास्त्रात साधनाच्या उपयोगसुलभतेची रीतसर चाचणी घेतली जाते. आंतरराष्ट्रीय मानक संस्थेने १९९८ साली उपयोगसुलभतेची जी व्याख्या केली, तिच्यात तीन गोष्टी आहेत. माणसाचे काम पुरे झाले का? ते किती श्रमांत व वेळात झाले? आणि ते करताना त्याला समाधान लाभले का? विशेष म्हणजे ही मोजणी मोघम करावयाची नाही. अमुक माणसे, अमुक काम आणि अमुक परिस्थिती असे निश्चित करूनच ती करावयाची. यंत्र स्वतःच्या ठायी 'चांगले' असते हा समज तेथे मुळातच नाकारलेला आहे. ते कोणासाठी आणि कोठे चांगले, हेच विचारावयाचे.

चाचणीची रीत साधी आहे. एका सामान्य माणसास यंत्रापुढे बसवितात, एक काम सांगतात आणि मनात येईल ते मोठ्याने बोलत राहण्याची विनंती करतात. घेणारा शेजारी बसून पाहतो व टिपून ठेवतो. तो अडखळला तरी त्याला चटकन मदत करावयाची नाही, कारण तो जेथे अडखळला तेथेच शिकण्याजोगे काही असते. या क्षेत्रातील एक नामवंत अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० साली असे प्रतिपादन केले की, एकाच प्रकारच्या वापरणाऱ्यांपैकी पाच माणसे जरी अशी बसविली, तरी बहुतेक दोष उघडकीस येतात. आणि चाचणीच्या आरंभी त्या माणसाला एक गोष्ट आवर्जून सांगण्याची प्रथा आहे: आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, या यंत्राची घेत आहोत, काही चुकले तर ती चूक आमची.

वाचकहो, हे भाच्याने सांगितले तेव्हा मला खाप्याच्या आजी आठवल्या. त्यांच्याशी हे कोणी कधी बोलले होते काय?

असे बोलण्याची सवय आपल्या इतिहासात फारशी नाही. आपल्या लिपीचेच उदाहरण घ्या. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेले ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यात राशोल येथे छापले गेले ते रोमन अक्षरांत, कारण देवनागरीचे खिळे हाताशी नव्हते. फादरांनी लोकांची भाषा शिकून घेतली, पण छापखान्याला लोकांची लिपी येत नव्हती. पुढे देवनागरीचे खिळे झाले, तरी जोडाक्षरे आणि मात्रा यांचा पसारा यंत्राला पेलेना. तेव्हा यंत्र बदलण्याऐवजी लिपीच बदलावी असे प्रयत्न झाले. 'इ', 'ई', 'उ' ही अक्षरे टाकून 'अ'लाच वेलांट्या व उकार जोडावेत, ही सावरकरांनी पुरस्कारिलेली सुधारणा आपल्यापैकी वडीलधाऱ्यांनी जुन्या मासिकांत पाहिली असेल. हेतू चांगला होता. परंतु ओझे वाहावयाचे होते ते मुलांनी व वाचकांनी, यंत्राने नव्हे.

संगणक आला तेव्हा १९८६ साली भारतीय लिपींसाठी एक प्रमाणित कळफलक निश्चित करण्यात आला. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजने. एक लिपी शिकली की त्याच जागांवर दुसरी लिपीही लिहिता येते. ही मोठीच सोय होती. पण ज्याने टंकलेखनाचा वर्ग कधी केला नाही, त्याला प्रत्येक अक्षर शोधत फिरावे लागे. मराठी शाळेत शिकलेला माणूस कळफलकापुढे बसून "मला काही हे जमायचे नाही" म्हणत उठून जाई. खाप्याच्या आजींचाच हा सुशिक्षित अवतार होय.

मुंबईच्या आय.आय.टी.तील अभिकल्प केंद्रात प्राध्यापक अनिरुद्ध जोशी व त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न उलट बाजूने घेतला. माणसाला कळफलक येत नाही हे खरे. पण त्याला येते काय? वर्णमाला येते. क-ख-ग-घ-ङ, च-छ-ज-झ-ञ हा क्रम पहिलीतील मुलासही पाठ असतो. मग कळाच त्या क्रमाने का मांडू नयेत? त्यातून 'कीलेख' हा कळफलक आकारास आला आणि २००४ साली तो जगातील अभ्यासकांपुढे मांडला गेला. नमुने करावयाचे, सामान्य माणसांपुढे ठेवावयाचे, ती कोठे अडतात ते पाहावयाचे आणि पुन्हा बदलावयाचे, असा तो प्रवास होता. पुढे मोबाईल फोनसाठी याच परंपरेतून २०१३ साली 'स्वरचक्र' आले. त्यात व्यंजनावर बोट ठेवले की त्याच्याभोवती स्वरयुक्त रूपांचे चक्र उमटते आणि हव्या त्या रूपाकडे बोट सरकविले की काम होते. बाराखडीचे ज्ञान येथे कामी येते. जो कालपर्यंत 'अडाणी' ठरत होता, तो काहीतरी जाणून आलेला आहे, ही जाणीव या रचनेच्या मुळाशी आहे. मला तीत तंत्राइतकीच नम्रता दिसते.

येथवर वाट सरळ आहे. पण व्याख्येतील तिसरा शब्द, समाधान, आपल्याला अडवितो. काम झाले की नाही हे डोळ्यांना दिसते, वेळ घड्याळावर मोजता येतो. समाधान मात्र माणसाला विचारावे लागते. त्यासाठी प्रश्नावल्या आहेत. जॉन ब्रूक यांनी १९८६ साली तयार केलेली दहा विधानांची एक प्रश्नावली आजही जगभर वापरली जाते. तिच्यात एक विधान स्तुतीचे व एक तक्रारीचे अशी रचना मुद्दाम केलेली आहे, जेणेकरून माणसाने सगळ्यालाच 'हो' म्हणू नये.

आपल्याकडे एवढी काळजी पुरेशी आहे काय? पाहुण्याला "जेवण कसे झाले?" असे विचारले तर आमटी खारट झालेली असूनही तो "छानच" म्हणतो, आणि ते आपण सौजन्य मानतो. २०१२ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास बंगळूर येथील ४५० लोकांच्या मुलाखतींवर आधारलेला होता. त्यांच्यापुढे दोन नमुने ठेवून कोणता आवडला असे विचारले गेले. एक नमुना विचारणाऱ्यानेच तयार केला आहे असे वाटले, की लोक तोच पसंत करण्याची शक्यता सुमारे अडीच पट होई, दोन्ही नमुने अगदी एकसारखे असले तरीही! आणि विचारणारा परदेशी असून दुभाष्यामार्फत बोलत असेल तर ती पाच पट होई. विचारणारा जितका मोठा भासेल तितके 'छान' स्वस्त होते.

यात नुसते सौजन्यही नाही. अर्थशास्त्रज्ञ अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले आहे की, दीर्घकाळ वंचित राहिलेली माणसे आपल्या अपेक्षाच आखडून घेतात. जे मिळणार नाही त्याची इच्छा न धरणे ही त्यांची जगण्याची रीत होऊन बसते. म्हणून त्यांच्या समाधानावरून त्यांची स्थिती ठरविणे अन्यायाचे होते. आजींपुढे ती दहा विधानांची प्रश्नावली ठेवली असती तर त्यांनी काय सांगितले असते? "मशीन चांगली हाय." आणि आपण तो कागद फाइलीत लावून निर्धास्त झालो असतो. दुसरे टोकही आहेच. मोबाईलच्या पडद्यावर रात्रीचे दोन वाजेपर्यंत बोट फिरविणारा तरुण पूर्ण समाधानी असतो. त्याची झोप, अभ्यास व घरातील बोलणे मात्र कमी झालेले असते. एक समाधानी आहे कारण तिने मागणेच सोडले; दुसरा समाधानी आहे कारण त्याला नको ते भरपूर मिळाले. समाधानाची साक्ष ऐकावी. परंतु तेवढ्यावर निकाल देऊ नये.

हे सारे दुसऱ्यांना सांगण्याचा अधिकार मला कितपत आहे, हेही नमूद केले पाहिजे. काही वर्षांपूर्वी माझ्या धर्मग्रामात गरजू विद्यार्थ्यांच्या शैक्षणिक साहाय्यासाठी मी स्वतः संगणकावर एक अर्ज तयार केला. चार पाने, नीट आखलेल्या चौकटी, उत्पन्नाचे तपशील, जोडपत्रे. मला त्या अर्जाचा अभिमान होता. मिस्सेनंतर मी चार-पाच जणांना विचारलेही, "अर्ज कसा वाटला?" सगळे म्हणाले, "छान आहे, फादर." त्या वर्षी एका बांधकाम मजुराने आपल्या मुलीसाठी अर्ज भरला नाही. शाळा उघडल्यावर धर्मशिक्षकाकडून कळले, की तो दोनदा कार्यालयाच्या पायऱ्यांपर्यंत येऊन परतला होता. मी त्याच्या घरी गेलो. तो म्हणाला, "अर्ज चांगलाच होता फादर, मीच अडाणी." मुलीचे ते वर्ष वाया गेले नाही, इतरांच्या मदतीने निभावले, पण त्या वाक्यापुढे मला मान वर करता आली नाही. ज्यांना मी विचारले होते त्यांनी तो अर्ज भरलेला नव्हता. आणि ज्याला तो भरावयाचा होता त्याला मी विचारले नव्हते.

येथे एक आक्षेप येईल आणि तो रास्त आहे. साऱ्यांना सोयीचे होईल असे साधन कोणी करू शकेल काय? धान्य दुकानातील यंत्र काही गंमत म्हणून आलेले नाही. खोट्या शिधापत्रिकांवर गरिबांचे धान्य परस्पर विकले जात होते, ते रोखण्यासाठी ते आले. २९ सप्टेंबर २०१० रोजी आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली येथे देशातील पहिली आधार ओळखपत्रे दिली गेली, तेव्हा ज्याच्याजवळ ओळखीचा एकही कागद नाही त्याला ओळख मिळेल हा उद्देश सांगितला गेला होता, आणि अनेकांना ती मिळालीही. शंभरांतील बहुसंख्य बोटे जुळत असतील तर उरलेल्या थोड्यांसाठी सारी व्यवस्था मोडावी काय?

मोडू नये. पण उरलेल्या थोड्यांचे काय करावयाचे, हे ठरविल्यावाचून ती व्यवस्था पुरी झाली असे म्हणू नये. सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ च्या निकालात ही योजना सरकारी लाभांपुरती ग्राह्य ठरविली. त्याचबरोबर ठसा जुळला नाही एवढ्यावरून पात्र माणूस लाभापासून वंचित राहू नये, हेही नोंदविले. निवृत्तिवेतनधारकांना हयातीचा दाखला संगणकाद्वारे देण्याची सोय २०१४ साली सुरू झाली. जिवंत माणसाचे बोट जुळेना म्हणून त्याची हयाती सिद्ध होईना, असे नको म्हणून २०२१ साली चेहऱ्यावरून ओळख पटविण्याची सोय तीत जोडण्यात आली. म्हणजे दुरुस्ती होऊ शकते. मात्र ती होण्यासाठी कोणीतरी अगोदर म्हणावे लागते, की चूक बोटाची नाही. जोवर आजी दोष स्वतःकडे घेत राहतात तोवर यंत्राचा दोष कोणाच्याही वहीत चढत नाही. त्यांची ती गरीब नम्रता आणि आपली सुखवस्तू निष्काळजी एकमेकींना बरोबर पुरून उरतात.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी १४ सप्टेंबर १९८१ रोजी मानवी श्रमावर जे परिपत्रक काढले, त्यात तंत्रज्ञानास माणसाचे सहकारी म्हटले आहे. पण तेच माणसावर स्वार होऊ शकते असा इशाराही दिला आहे. हा इशारा मी पूर्वी मोठमोठ्या कारखान्यांच्या संदर्भात वाचीत असे. तो कार्यालयातील चार पानी अर्जालाही लागू पडतो, हे मला त्या मजुराच्या ओसरीवर बसल्यावर उमगले.

साधन चालले नाही तर पहिला संशय साधनावर घ्यावा, हे मला नीतीचे कर्तव्य वाटते, आणि त्याचा भार ज्याने साधन केले व जो ते चालवितो त्याच्यावर आहे. ज्याच्याजवळ बदलण्याची शक्ती आहे त्याच्याकडेच दोष प्रथम गेला पाहिजे. आजी आपली बोटे बदलू शकत नाहीत. मी माझा अर्ज बदलू शकतो. शाळेचे प्रवेशपत्र, पतपेढीची पावती, रुग्णालयातील रांगेचा क्रमांक, घरात सासूबाईंच्या हाती दिलेला नवा फोन, या प्रत्येक ठिकाणी आपण कोणाच्या तरी तोंडून "मलाच जमत नाही" हे ऐकत असतो. ते उत्तर म्हणून स्वीकारू नये. ती तक्रार आहे. फक्त ती बोलणाऱ्याला तिचा हक्क ठाऊक नाही.

दुसऱ्या दिवशी आजी नातवाला घेऊन दुकानात गेल्या. शिधापत्रिकेवर त्याचेही नाव होते. त्याचे बोट एका दमात जुळले आणि धान्य मिळाले. त्यांनी मला ते आनंदाने सांगितले, आणि नातू नागपूरला कामाला गेल्यावर पुढच्या महिन्यांत काय होणार, हे मी त्यांना विचारले नाही.

आमचा अर्ज आता एका पानाचा आहे. तो छापण्यापूर्वी मी पाच जणांना कार्यालयात बोलाविले; त्यांतील दोघे असे होते ज्यांना अर्ज भरण्याची सवय नव्हती. "परीक्षा तुमची नाही, माझी आहे," असे सांगून मी त्यांच्या शेजारी गप्प बसलो. धर्मगुरूला गप्प बसणे किती कठीण जाते, हे आपण जाणताच! त्यांपैकी एका बाईंनी तिसऱ्या चौकटीपाशी पेन खाली ठेवले आणि माझ्याकडे पाहिले. मी काहीच बोललो नाही. बऱ्याच वेळाने त्या म्हणाल्या, "फादर, हे तुम्ही काय विचारलंय ते कळत नाही."

ती चौकट मी काढून टाकली.